चांदी अस्वलाच्या बरणीतली चिठ्ठी

हिरा ओव्हाळ चिडली की बरण्या पुसायला घेते. संस्थेत हे सगळ्यांना माहीत होतं. तिच्या हातात फडकं दिसलं की पीएच.डी.च्या मुली चहाला निघून जात. २००५ च्या सप्टेंबरात, गणपती उठल्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी, अकरा वाजेपर्यंत तिने तीन फळ्या पुसून काढल्या होत्या. बरण्यांत जनावरांची जठरं, आतडी, जंत, गोचिडी. प्रत्येकीत स्पिरिट, आणि स्पिरिटात बुडालेली कागदाची एक चिठ्ठी.

चिडायचं कारण टेबलावर पडलं होतं. एका पानाचा अहवाल. सरकारी कचेरीला जायचा म्हणून मराठीत होता, नाहीतर हिराच्या वाचनात तो आलाच नसता.

ही नोकरी मूळची तिच्या नवऱ्याची. पोपट ओव्हाळ या प्राणिशास्त्राच्या संस्थेत चतुर्थ श्रेणीत होता. मेलेली जनावरं फाडायची, आतलं काढायचं, धुवायचं, चाळायचं, बरणीत भरायचं, हे त्याचं काम. एक्क्याण्णव साली, दिल्लीत देशाची दारं उघडत होती तेव्हा, तो सायकलवरून येताना छातीत कळ येऊन गेला. आठवी पास हिरा अनुकंपा तत्त्वावर त्याच्या जागी लागली. येरवड्याच्या घरी सासरे होते. छप्पन साली त्यांनी धम्म घेतला तेव्हा सगळ्यात आधी गावची मेलेली गुरं ओढणं सोडलं होतं. पोराने पगारी का होईना तेच काम धरलं म्हणून ते त्याच्याशी दोन वर्षं बोलले नव्हते. आता सून निघाली, तेव्हा त्यांनी फक्त कूस बदलली.

“तिथं मेलेलं ओढायला लागायचं, इथं वाचायला लागतं,” असं पोपट म्हणायचा. ते खरं होतं, हे हिराला पुढे कळलं. हेही कळलं, की चौदा वर्षांत एकाही सरांनी स्वतः सुरी धरली नाही. सर नाकाला रुमाल लावून दारात उभे राहत आणि विचारत, “काय निघालं हो, हिराबाई?” हिराबाई सांगत, सर लिहून घेत, मग ते इंग्रजीत छापून येई. शेवटी बारीक अक्षरांत आभार असत. त्यात ग्रंथपालाचं नाव असे, हिराचं नसे.

पोपटने तिला लग्नानंतर हौसेने दाखवलेली एक गोष्ट मात्र तिने कधी मोडली नाही. जनावर दारात आलं की आधी चिठ्ठी करायची. तारीख, वेळ, कुठे सापडलं, कोणी आणलं. जाड कागदावर, शिसपेन्सिलीने. ती पायाला बांधायची. जनावर फाडलं की तीच चिठ्ठी जठराबरोबर बरणीत टाकायची. शाई स्पिरिटात उतरते, बाहेरची लेबलं गळून पडतात. शिसाचं अक्षर तीस वर्षं तसंच राहतं.

*

हरतालिकेच्या दिवशी, मंगळवारी, सहा तारखेला, दुपारी पावणेचारला आयटीत नोकरी करणारा एक मुलगा मोटारसायकलवर मोठी सॅक घेऊन आला. अभय नाव. म्हणाला, पूर्वेकडच्या नव्या रस्त्यावर टँकरने उडवलेलं दिसतंय, काय आहे ते कळत नाही. हिराने सॅक उघडली आणि तिच्या तोंडून “अगं बाई” निघालं. चौदा वर्षांत हे जनावर तिने एकदाच पाहिलं होतं, तेही पेंढा भरलेलं. अस्वलाच्या पिलाएवढं, खालून काळंभोर, आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत पाठीवर पांढरी झूल टाकल्यासारखं. चांदी अस्वल. नाव अस्वलाचं असलं तरी जात मुंगसासारखी बिळं उकरणाऱ्यांची, बिज्जूंची. रात्री हिंडायचं, पुढच्या नखांनी जमीन फोडायची, किडे, उंदीर, साप, मध, मिळेल ते खायचं. गावाकडे त्याला मढंउकऱ्या म्हणतात आणि दिसलं की दगड घालतात.

तिने चिठ्ठी केली, पायाला बांधली, जनावर डीप फ्रीझरमध्ये ठेवलं. आवक रजिस्टर कारकून दत्तप्रसादच्या कपाटात, आणि दत्तप्रसाद दुपारीच कपाटाला कुलूप लावून गणपतीसाठी कोकणात गेला होता. गौरी विसर्जन झाल्याशिवाय तो कधी आलेला नाही. आठवड्याभरात अभयही कंपनीतर्फे अमेरिकेला ऑनसाइट गेला.

शनिवारी, दहा तारखेला, हिराच्या भावाचा फोन आला. उत्तरेश्वर माहेरच्या गावात असतो. त्या गावाला आता गाव म्हणायचं ते जुन्या सवयीने. शेतं गेली, त्यांतूनच तो पूर्वेकडचा नवा रस्ता गेला, टेकडीखाली आयटी पार्क उठतंय. टेकडीच्या पायथ्याला बौद्धवस्तीची वीस गुंठे दफनभूमी आहे. ज्यांना लाकडं परवडली नाहीत ते तिथे आहेत, आणि वस्तीतली लहान मुलं सगळी तिथेच.

“आक्का, रातीत अकरा खड्डं उघडं पडल्यात, काल सांजेपातुर सगळं धड हुतं. हाडं वर आल्यात. कंपनी म्हनती मढंउकऱ्या जनावरानं उकारलं.”

“तू पाहिलंस?”

“पाह्यलं की. कडा सरळ हायती. जनावर काय फूटपट्टी घिऊन उकारतं व्हय? बुलडोझर गेलाय रात्रीचा. पन पाऊस झाला, चाकं पुसली. आता कचेरीत सुनावनी लागनार. जनावरानं उकारलं असं ठरलं तर म्हनं जागा असुरक्षित, उचला आन दुसरीकडं न्या. जागा त्यांची.” मग म्हणाला, “तुझंबी हाय की तिथं.”

“माहितेय मला,” हिरा म्हणाली आणि फोन ठेवला.

पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं. मुलगा चौदा दिवसांचा होऊन गेला. नाव ठेवायचं राहून गेलं होतं. आम्रपाली त्यानंतर सहा वर्षांनी झाली.

*

चौदा तारखेला दत्तप्रसाद कोकणातून आला, आणि त्याच दिवशी जनावर फ्रीझरमधून निघालं. विभागप्रमुख डॉ. श्रीनिवास दारात उभे राहिले, रुमाल लावून. त्यांच्याकडे सकाळीच कचेरीचं पत्र आलं होतं: टेकडी परिसरात मेलेलं असं जनावर आपल्याकडे आल्याचे कळते, तरी दफनभूमीबाबत अभिप्राय द्यावा.

हिराने पहिल्यांदा पंजे पाहिले. तळवे सुकल्या चामड्यासारखे टणक झाले होते, नाकावर पापुद्रे होते, डोळ्यांत चिपडं वाळलेली. “सर, हा कुत्र्यांचा रोग. डिस्टेंपर. बांधकामावरच्या कुत्र्यांकडून आला असणार. पंधरा दिवस तरी आजारी होतं. नीट चालता येत नव्हतं, म्हणून तर टँकरखाली आलं.”

“हं,” सर म्हणाले. “पोट बघा.”

पोट जवळजवळ रिकामं होतं. तिने ते बारीक चाळणीवर धुतलं. हुमणीच्या अळ्यांची डोकी निघाली, एकतीस. मेणाचा चपटा तुकडा. घुशीचे केस, थोडं गवत. केस तिने काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि सरांना बोलावलं. ते आले, वाकले, “घूसच,” म्हणाले.

मग तिने आतडं उभं चिरलं. आत दोऱ्यासारखे पांढरे जंत होते. त्यातले नऊ वेगळे, जाड, सुरकुतलेले, डोकं आतड्याच्या भिंतीत खुपसून बसलेले. एक सोडवताना तिने ओढला नाही, भोवतालचा तुकडाच कापून घेतला. ओढला की डोकं तुटतं आणि डोक्यावरचे काटे मोजता येत नाहीत.

“काटेरी डोक्याचा,” ती म्हणाली. “याची पिल्लं भुंगेऱ्यांच्या, हुमणीच्या पोटात वाढतात. ती खाल्ल्याशिवाय हा आत जात नाही. नऊ आहेत, पूर्ण वाढलेले. म्हणजे हे जनावर कित्येक महिने किडेच खातंय. सर, पोट कालचं सांगतं. जंत मागचं सांगतात.”

श्रीनिवास सर हसले. “हिराबाई, तुम्हीच पेपर लिहा आता.”

“माणसाचा एक केस नाही यात. एक कण नाही.”

“लिहून घेतलं.”

त्यांनी काय लिहून घेतलं ते बारा दिवसांनी टेबलावर आलं. ‘सदर प्राणी दि. १४ सप्टेंबर रोजी संस्थेत दाखल झाला. जठरात अर्धवट पचलेले प्राणिजन्य पदार्थ आढळले. ही जात पुरलेली प्रेते उकरते असे उल्लेख जुन्या ग्रंथांत आहेत. दफनभूमीतील उकरणी याच प्राण्याने केली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’

ती तडक त्यांच्या खोलीत गेली.

“सर, हुमणी कुठे गेली?”

“प्राणिजन्य पदार्थ म्हटलंय ना. हुमणी प्राणीच आहे.”

“आणि मेण? आणि जंत? आणि आजार?”

“त्यांनी एवढंच विचारलं होतं, की शक्य आहे का. अहो हिराबाई, मी यात खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही.”

“ते दिसतंय. खरं कुठे लिहिलंय ते शोधतेय.”

सरांनी चष्मा काढला. ते वाईट गृहस्थ नव्हते. कोथरूडला राहत, वेळेवर येत, कोणाकडून चहासुद्धा घेत नसत. निवृत्तीला दोन वर्षं होती आणि तेवढी त्यांना कुणाशीही वाकडं न येता काढायची होती. “जुन्या पुस्तकांत लिहिलंय ते मी कसं नाकारू? शास्त्रात असंच लिहितात.”

“पुस्तक लिहिणाऱ्या गोऱ्या साहेबाने गावात विचारलं असेल. गावाने सांगितलं असेल, मढं उकरतं. त्याने लिहिलं. तुम्ही त्याचं वाचून लिहिलंत. पोट कोणी उघडलं, सर?”

“ते तुमचंच गाव ना?” सरांनी शांतपणे विचारलं.

“माझंच. म्हणून एकतीस डोक्यांची बत्तीस होत नाहीत, आणि तिसावर पण येत नाहीत.”

ती बाहेर आली आणि तिने फडकं घेतलं.

*

चौथ्या फळीवर चांदी अस्वलाची बरणी होती. बाहेर संगणकावर छापलेलं नवं लेबल, दत्तप्रसादने रजिस्टर बघून केलेलं: १४/९/०५. हिराने काच पुसली. आत, जठराच्या मागे, तिची चिठ्ठी काचेला चिकटली होती. ६/९/०५, दु. ३.४५.

तिने ती दोनदा वाचली. मग तिला इतका संताप आला की पुसलेलीच काच तिने पुन्हा पुसली. खड्डे उघडे पडले शनिवारी, दहा तारखेला. जनावर मंगळवारपासून याच इमारतीत, फ्रीझरमध्ये, गोठून पडलं होतं. आणि ती बारा दिवस अळ्यांची डोकी मोजत बसली होती.

दत्तप्रसादने ऐकून घेतलं. “मी आलो त्या दिवशी नोंद केली. आवक म्हणजे रजिस्टरला आली ती तारीख.”

“तुम्ही मोदक खात होतात तेव्हा जनावर आलं होतं.”

“असेल. पण रजिस्टरात खाडाखोड चालत नाही. ऑडिट असतं.”

सर म्हणाले, “अहवाल गेला हो. आता पुन्हा कळवायचं म्हणजे संस्थेची नोंद चुकली असं लेखी द्यायचं. सुनावणीत कोणी विचारलं तर बघू.”

कोण विचारणार होतं?

आम्रपाली संध्याकाळी शिफ्टला निघायच्या तयारीत होती. ती एका कॉल सेंटरमध्ये अमेरिकेतल्या लोकांच्या तक्रारी ऐकते. तिची कंपनी याच नव्या पार्कमध्ये जाणार होती.

“आई, चिल. रिपोर्ट आहे तो. एवढं काय पर्सनल घेतेस?”

“तुझ्या नव्या ऑफिसची पार्किंगची जागा कुठेय गं?”

“बॅक साइडला. टेकडीकडे. का?”

“तिथं तुझा भाऊ आहे.”

आम्रपालीचा कंगवा केसातच राहिला. हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. हिराने सांगितलं, भाजी चिरता चिरता, चार वाक्यांत. खाली कंपनीची गाडी हॉर्न वाजवत होती. आम्रपाली खिडकीतून ओरडली, “वेट करो ना भैया!” मग आईकडे वळून म्हणाली, “मी रात्रभर लोकांना सॉरी म्हणते. त्यांची चूक असली तरी. तू त्यातलं काही म्हणू नकोस. आणि तुझे सर काय म्हणतील त्याची वाट बघू नकोस, त्यांना बोलायला लाव.”

“कसं लावू?”

“त्यांचं काय आहे तुझ्या हातात?”

हिराने विळी मिटली आणि फडक्याला हात पुसले.

*

सुनावणी जागेवरच झाली, ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सकाळी. अधिकारी बाई होत्या, शैला मॅडम, पायात साधी चप्पल, सोबत एक शिपाई आणि फाईल. त्यांनी संस्थेला नमुना सोबत आणायला सांगितलं होतं, आणि नमुन्याची पेटी हिराच उचलते, त्यामुळे तिला बोलावण्याचा प्रश्नच नव्हता. कंपनीने टेकडीखाली छोटा मांडव घातला होता, बाटलीतलं पाणी ठेवलं होतं. उत्तरेश्वर आणि वस्तीतले पंधरावीस जण बाहेर उन्हात होते. खड्ड्यांच्या कडा पावसाने गोल झाल्या होत्या. आता त्या कोणीही उकरलेल्या दिसत.

मॅडमनी अहवाल वाचला. “म्हणजे डॉक्टर, जनावराने उकरलं?”

“शक्यता नाकारता येत नाही,” सर म्हणाले.

कंपनीचा माणूस म्हणाला, “एक्झॅक्टली. आमची सिम्पथी आहेच. आम्ही यांना दुसरीकडे ऑल्टरनेट लँड द्यायला तयार आहोत.”

“आम्हाला की त्यांना?” उत्तरेश्वर खड्ड्यांकडे हात करून बाहेरून म्हणाला.

“बरणी बघू,” मॅडम म्हणाल्या. सरांनी ती, लेबल त्यांच्याकडे करून, धरली. “चौदा तारखेचं लेबल आहे, अहवालाप्रमाणे,” ते म्हणाले.

हिराने सरांच्या हातातून बरणी घेतली. विचारलं नाही. फिरकीचं झाकण सोडवलं. स्पिरिटचा वास मांडवभर झाला, कंपनीचा माणूस मागे सरकला. पेटीतला चिमटा काढून तिने चिठ्ठी ओढली आणि ठिबकत्या चिठ्ठीसकट हात मॅडमच्या फाईलवर नेला.

“हिराबाई!” सर म्हणाले.

“वाचा, मॅडम.”

मॅडमनी वाचलं. “सहा सप्टेंबर. दुपारी तीन पंचेचाळीस. हे काय?”

“जनावर दारात आलं ती वेळ. बाहेरचं लेबल कारकून गावाहून आला त्या दिवसाचं. खड्डे दहाला उघडे पडले. तेव्हा हे जनावर चार दिवस आमच्या फ्रीझरमध्ये होतं. आत एकतीस हुमणी आणि मेणाचा तुकडा घेऊन.”

मग कंपनीचा माणूस मराठीवर आला. “मॅडम, पेन्सिलने लिहिलंय. केव्हाही लिहिता येतं. आणि या बाई याच गावच्या आहेत, आम्हाला माहिती आहे.”

“डॉक्टर?” मॅडम म्हणाल्या. “ही चिठ्ठी ग्राह्य धरायची का?”

सरांनी रुमाल काढला, पण नाकाला लावला नाही. हिरा त्यांच्याकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता. संस्थेत तिला चिडलेली पाहिलेल्यांना तो आवाज ओळखू आला असता.

“खोटी म्हणा, सर. पेन्सिलची आहे, बाईने केव्हाही लिहिली असेल. पण मग फळीवरच्या सगळ्याच चिठ्ठ्या तशा. आमच्या ह्यांच्या हातच्या, त्यानंतर माझ्या. तुमच्या बावीस पेपरांत कुठलं जनावर कधी मेलं, कुठे सापडलं, काय खात होतं, ते सगळं ह्याच चिठ्ठ्यांवरून घेतलंय. ही खोटी असली तर ती पण खोटी. मी काय, आठवी पास आहे. तुम्ही सांगा.”

सर चिठ्ठीवर वाकले. शिसाचं अक्षर ओलं असूनही फुटलं नव्हतं. मांडवाबाहेर उत्तरेश्वरने खांद्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला होता.

“ग्राह्य आहे,” सर म्हणाले. “संस्थेची मूळ नोंद हीच असते.”

“म्हणजे जनावराने उकरलेलं नाही?”

“नाही.”

“शक्यता?”

सरांनी घसा साफ केला. “नाकारता येते.”

मॅडमनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं, खाली सरांची सही घेतली. वीस गुंठ्यांतलं काम थांबवलं. रात्री यंत्र कोणी आणलं याची चौकशी लावली. ती पुढे कुठे गेली ते कोणाला माहीत नाही. अकरा खड्डे वस्तीने त्याच दुपारी बुजवले. कोणती हाडं कोणाची हे सांगता येण्यासारखं नव्हतं. हिराने पेटी बाजूला ठेवली, पदर खोचला आणि भावाच्या हातातलं फावडं घेतलं. सर गाडीत बसून थांबले होते. तिने त्यांना अर्धा तास थांबवलं.

*

आज तिथे तारेचं कुंपण आहे. पार्कची पार्किंग त्याला वळसा घालून जाते. आम्रपाली त्या इमारतीत दीड वर्ष काम करून दुसरीकडे गेली.

त्या मंगळवारनंतर आठवड्याने हिराला मेमो मिळाला. संस्थेच्या आवाराबाहेर, परवानगीशिवाय, नमुन्याची बरणी उघडल्याबद्दल खुलासा करावा. खाली श्रीनिवास सरांची सही होती. दत्तप्रसादने तो आणून दिला आणि उत्तर लिहायला स्वतःचं पेन पुढे केलं.

“राहू दे,” हिरा म्हणाली. तिने एप्रनच्या खिशातली शिसपेन्सिल काढली.

“मेमोचं उत्तर पेन्सिलने चालत नाही हो.”

“का? पुसलं जातं?”

तिने जाड कागदावर वर तारीख घातली, वेळ घातली. खाली लिहिलं: ‘बरणी उघडली. चिठ्ठी काढली. वाचून परत ठेवली. आतला ऐवज जसाच्या तसा आहे. बाहेरचं लेबल अजून चुकीचं आहे. ते बदलावं.’ आणि सही केली.

लेबल बदललं नाही. बरणी चौथ्या फळीवर आहे.